डक्टमधली लक्ष्मी

आमच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये घुबडांनी अंडी घातली आहेत हे सगळ्यांत आधी मला कळलं. आणि त्याबद्दल तोंड बंद ठेवायचं कामही माझंच होतं. ते मला जमलं नाही. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसून गुपितं सांभाळलेली बाई मी, पण दोन पावशेर वजनाच्या पक्ष्यापायी मला तोंड सांभाळता आलं नाही.

डक्ट म्हणजे काय ते बिबवेवाडीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. समोरासमोरच्या घरांमधला तो अंधारा उभा बोळ, ज्यात सगळ्यांच्या न्हाणीघरांचे पाइप उतरतात आणि सगळ्यांचा कचरा. माझं घर तिसऱ्या मजल्यावर. माझ्या न्हाणीघराच्या काचेच्या पट्ट्यांमधून समोर खाली बघितलं की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीखाली फूट-दीड फूट रुंदीची सिमेंटची पट्टी दिसते. पूर्वी कधीतरी कुणीतरी टाकी ठेवायला केलेली आणि मग विसरलेली. त्या पट्टीवर, पाइपांच्या आडोशाला, गणपतीच्या दिवसांत एका सकाळी मला पांढरं बदामाच्या आकाराचं तोंड दिसलं. गव्हाणी घुबड. ते माझ्याकडे बघत होतं आणि मी तोंडात ब्रश धरून त्याच्याकडे.

निवृत्तीनंतर मला पक्ष्यांचा नाद लागला. लोक म्हणतात विरंगुळा. मी म्हणते सवय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी केल्या, आता कुणीच नोंद न करणाऱ्यांच्या करते. मार्केट यार्डावर घिरट्या घालणाऱ्या घारी, कोपऱ्यावरच्या पिंपळावरचे तांबट, शाळेच्या भिंतीतल्या भोकात राहणारा पिंगळा. शहरातल्या घुबडांची घरटी बघणारा एक गट आहे, त्याला मी दर महिन्याला नोंदी पाठवते. पद्धत अगदी साधी असते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून बघायचं. घरट्याजवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. आणि जागा कुणालाही सांगायची नाही, त्यातही दिवाळीच्या तोंडावर मुळीच नाही, कारण तेव्हा घुबडं चोरीला जातात. कशाला जातात ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही.

तर माझी ठरलेली जागा म्हणजे न्हाणीघरातली उलटी बादली. तिच्यावर चढायचं, दुर्बीण पट्ट्यांमध्ये घालायची आणि दिवेलागणीला पाऊण तास उभं राहायचं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी बादलीवर उभं राहणं शहाणपणाचं नाही, हे मला कळत होतं. एकटी राहते त्यामुळे सांगणारं कुणी नव्हतं. पाच अंडी मोजली. मादी बसून असायची, नर मार्केट यार्डाकडून उंदीर आणायचा. धान्याच्या गाळ्यांमध्ये उंदरांना तोटा नाही. मी वहीत लिहायचे: अमुक वाजता आला, उंदीर, मादीने घेतला. मला वाटतं त्या महिन्यात मी जितकी खूश होते तितकी कित्येक वर्षांत नव्हते.

ज्या खिडकीखाली ही पट्टी होती ती खिडकी वहिनींची. आमचं नातं काही नाही. बिल्डिंगमध्ये माझ्याहून लहान असलेल्या सगळ्याच बायकांना मी वहिनी म्हणते. या वहिनी कोंढव्याच्या पलीकडच्या एका गावच्या. ते गाव आता महापालिकेत गेलं, शेतं बिल्डरकडे गेली, पण बोलणं तसंच राहिलं. त्यांचे यजमान मार्केट यार्डात एका अडत्याच्या गाळ्यावर दिवाणजी होते. दीड वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. सकाळी साडेसहाला दोघं रिक्षाने निघायची, दुपारी दीड-दोनला परत. जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबत आणि वहिनी एक पायरी खाली उभ्या राहून त्यांच्या पाठीला हात लावून असत.

त्या माणसाला दिवसाला मोजून पाणी. वहिनींनी एक स्टीलचा तांब्या ठरवून ठेवला होता, त्यात भरेल तेवढंच, औषधांसकट, चहासकट. उन्हाळ्यात ते पाणी मागत आणि त्या देत नसत. मग ओला फडका ओठांवर फिरवत. एकदा मी बसले असताना हे झालं. त्यांनी फडका तोंडात धरून चोखायला सुरुवात केली आणि वहिनींनी तो हळूच ओढून घेतला. मी घरी आले आणि मला माठातलं पाणी प्यावंसं वाटेना.

पितृपंधरवड्यात वहिनींना घुबड दिसलं. पंधरवडा लागलेला, घरात हा आजारी माणूस आणि खिडकीखाली घुबड. आपण कितीही शहाणे असलो तरी त्यांच्या जागी उभं राहून बघावं म्हणजे कळेल. दुसऱ्याच दिवशी त्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. सेक्रेटरींना डक्टला जाळी बसवायचीच होती, कबुतरांच्या घाणीमुळे. त्यांनी लगेच रविवारी माणूस बोलावला. मला हे जिन्यात कळलं, शुक्रवारी.

मी आधी सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी मला सांगितलं की सोसायटीच्या नियमावलीत घुबडांची तरतूद नाही. मी म्हटलं, कबुतरांची आहे का. ते म्हणाले, बघावं लागेल. असा माणूस. कायद्यानं घरटं पाडता येत नाही म्हटल्यावर ते थोडे बिचकले आणि म्हणाले, तक्रार ज्यांची आहे त्यांनी मागे घेतली तर आमचं काही म्हणणं नाही.

मग मी वहिनींकडे गेले. शाळांमध्ये जाऊन मुलांना जे सांगते ते सगळं सांगितलं. घुबड अपशकुनी नसतं. एक जोडी वर्षाला किती उंदीर खाते. त्याचं तोंड तसं का असतं, आवाज तसा का येतो. वहिनींनी चहा केला, निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, ते हाय ते ह्यांच्यासाठी आलंय." एवढंच. आत दिवाणजी खाटेवर पडले होते आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं. माझी सगळी उंदरांची गणितं तिथंच संपली.

आणि मग मी ते बोलले. रविवार दोन दिवसांवर होता, अंडी फुटायला आठवडा. मी म्हटलं, "अहो वहिनी, असं काय करता. घुबड म्हणजे लक्ष्मीचं वाहन. लक्ष्मी तुमच्या खिडकीत येऊन बसली आहे आणि तुम्ही तिला जाळी लावून बाहेर काढता?"

मला या वाक्याची शिसारी आहे. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. याच खुळापायी दिवाळीत घुबडं मारली जातात, हे मीच वर्गावर्गात ओरडून सांगत आले. पण काम झालं. वहिनींचा हात कपावरच थांबला. त्यांनी आत खाटेकडे बघितलं, मग न्हाणीघराकडे, आणि डोक्यावर पदर घेतला. दहा मिनिटांत त्या सेक्रेटरींकडे जाऊन तक्रार मागे घेऊन आल्या.

गटाचं काम बघणारी मुलगी आहे, माझ्या भाचीच्या वयाची. तिला मी फोनवर सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल वा. ती म्हणाली, काकू, आता त्या बाईंवर लक्ष ठेवा. मला राग आला. ठेवते म्हटलं. कालची पोर मला शिकवते असंही मनात म्हटलं.

घटस्थापनेच्या सुमाराला पिल्लं निघाली. पाचातली चार. घुबडाची अंडी एकदम फुटत नाहीत, एकेका दिवसाच्या अंतराने फुटतात, त्यामुळे थोरलं पिल्लू चांगलं बाळसेदार आणि धाकटं चिमूटभर असं होतं. दसऱ्याला धाकटं दिसेनासं झालं. ते इतरांनी खाल्लं. असं होतं, आणि आपण ते वहीत लिहायचं असतं. मी लिहिलं. वहिनींनी विचारलं, चौथं कुठे गेलं, तेव्हा मी म्हटलं मागे असेल, पाइपाच्या आड. त्यांना ते पटलं. खोटं बोलायला इतकं सोपं जातं हे मला नव्यानेच कळत होतं.

वहिनी बदलल्या होत्या. रोज सकाळी आंघोळीनंतर खिडकीशी उभ्या राहून हात जोडायच्या. दिवाणजींना हाताला धरून तिथवर न्यायच्या आणि दाखवायच्या. आणि नेमकं त्याच दिवसांत त्यांना बरं वाटायला लागलं. म्हणजे रिपोर्ट चांगले आले, पायांची सूज उतरली, एका संध्याकाळी ते स्वतः चालत माझ्या दारापर्यंत आले आणि म्हणाले, तुमच्या पाहुण्यांचं बघायला आलो. मी त्यांना बादलीवर काही चढवलं नाही, पण दुर्बीण हातात दिली. वहिनी मला जिन्यात म्हणाल्या, ती खिडकीत हायेत तोवर ह्यांना काय होत न्हाई. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता की मला ते जिवावर आलं.

लक्ष्मीपूजनाला दिवेलागणीला बादलीवर चढले तर खिडकीच्या कठड्यावर पणती आणि बाजूला धूप. धुराने पट्टी भरून गेलेली, पिल्लं भिंतीला चिकटलेली. मी तशीच चपला न घालता खाली धावले. वहिनींनी दार उघडलं, नवी साडी, हातात हळदकुंकवाचं ताट. मी त्यांना चांगलंच झापलं. धुरानं मरतील म्हटलं, कळत नाही का तुम्हाला. त्यांनी आत जाऊन पणती उचलली, धूप पाण्यात बुडवला, पुन्हा करणार नाही म्हणाल्या. आणि खरंच केलं नाही. त्या बाईला जे करू नका सांगितलं ते तिनं कधीच केलं नाही. माझं चुकलं ते काय काय सांगायचं राहिलं त्यात.

पाडव्याला सकाळी मी शनिवार पेठेत भावाकडे गेले. थोरला आहे, गुडघ्यांनी अडून बसलेला, त्यामुळे भाऊबिजेला तो येत नाही, मी जाते. दोन रात्री राहिले. जेवण, पत्ते, जुनी भांडणं. तिथे फटाक्यांचा आवाज ऐकून एकदा मनात आलं की डक्टमध्ये हा आवाज कसा घुमत असेल. गटातल्या मुलीचं बोलणंही आठवलं. पण भावजयीनं बासुंदी वाढली आणि मी बसून राहिले.

शनिवारी सकाळी नऊला घरी पोचले. पिशवी दारात टाकली आणि आधी न्हाणीघरात गेले. पट्टीवर दोन पिल्लं आडवी होती. तिसरं बसलेलं होतं, चोच उघडी, मान मागे पडत होती आणि पुन्हा वर येत होती. दुर्बीण लावली तेव्हा चोचीभोवती पांढरं वाळलेलं दिसलं. आणि तिघांच्याही कपाळावर हळदीकुंकवाची बोटं.

शनिवार म्हणजे डायलिसिसचा वार, वहिनींचं घर बंद. त्यांची एक किल्ली माझ्याकडे असते, अडीअडचणीला. मी दार उघडून आत गेले. न्हाणीघरात खिडकीच्या काचेच्या पट्ट्या काढून नीट एकावर एक रचून ठेवल्या होत्या, म्हणजे हात बाहेर जावा. कठड्यावर चांदीची वाटी आणि चमचा. वाटीत दूध, तळाशी साखर. शेजारी पेढ्याचा चुरा.

काय झालं असेल ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. दोन रात्री फटाके, नर-मादी डक्टमध्ये उतरलीच नसणार. पिल्लं उपाशी आणि भुकेलं घुबडाचं पिल्लू जो आवाज करतं तो ऐकवत नाही. कुणीतरी जोराने श्वास ओढत आहे असा असतो, सतत. भिंतीपलीकडे तो आवाज आणि घरात तहानलेला नवरा. ती बाई काय करणार होती? तिनं दूध पाजलं. घुबडाच्या पिल्लाला पाणीसुद्धा लागत नाही, मांसातलं पुरतं. चमच्यानं ओतलेलं दूध सरळ श्वासनळीत जातं. खायला घालू नका, हे तीन शब्द मी तिला कधी सांगितले नव्हते. धुराबद्दल ओरडले, आवाजाबद्दल सांगितलं, माणसं गोळा करू नका म्हटलं. हे राहिलं. घुबडाला कुणी दूध पाजेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि ते पाजावं असं जे दैवत त्याला चिकटवलं, ते मीच.

दोन मेलेली मी वर्तमानपत्रात गुंडाळली. त्यांचं वजन काहीच नव्हतं. तिसरं खोक्यात घालून गटातल्या मुलीला बोलावलं. ती स्कूटरवरून आली, खोकं घेतलं, वाटीकडे बघितलं आणि निघून गेली. तेही पिल्लू संध्याकाळी गेलं. मी कठडा पुसला, पट्ट्या परत बसवल्या, वाटी घासून ओट्यावर ठेवली. चोरानं करावं तसं सगळं जागच्या जागी केलं.

दुपारी त्या दोघांना जिन्यात गाठलं. दुसऱ्या मजल्याच्या तीन पायऱ्या राहिल्या होत्या आणि दिवाणजी कठड्याला धरून दम घेत होते. खरं सांगायचं म्हणूनच मी उतरले होते, शपथ घेऊन सांगते. वहिनींनी वर बघून विचारलं, पिल्लं बघितली का हो ताई, सकाळी अगदी शांत झोपली होती, पोटभर पाजलं होतं. आणि दिवाणजी माझ्याकडे बघत राहिले. पिवळा पडलेला चेहरा, हाताला चिकटपट्टी. खिडकीत ती आहेत तोवर आपल्याला काही होत नाही, हे रोज ऐकणारा माणूस.

मी म्हटलं, "उडून गेली. सकाळीच."

खिडकी मीच लावून घेतली म्हटलं. वहिनी हसल्या. डोळे भरून आले त्यांचे. दिवाणजी म्हणाले, "बरं झालं. पोरं मार्गाला लागली." आणि उरलेल्या तीन पायऱ्या न थांबता चढले.

त्यानंतर चार-पाच दिवस मादी येत राहिली. दिवेलागणीला उंदीर चोचीत धरून पट्टीवर उतरायची, इकडून तिकडे चालायची, उंदीर ठेवायची, पुन्हा उचलायची. मग तसाच टाकून जायची. वहिनींनी मला विचारलं की पिल्लं उडाली तर ही कुणासाठी आणते. मी म्हटलं, सवय असते. त्यांनी मान हलवली, पण या वेळी जरा उशिरानं. मी बादली उचलून गच्चीवर नेऊन ठेवली.

नोंदीच्या तक्त्यात घरटं अयशस्वी झालं तर कारण लिहायचा रकाना असतो. मी लिहिलं: मानवी हस्तक्षेप. गटातल्या मुलीचा फोन आला, कुणाचा ते लिहावं लागतं, रहिवाशाचा का. मी म्हटलं निरीक्षकाचा लिही. ती म्हणाली, काकू, तसा पर्याय नाही. मग तिनं काय लिहिलं मला माहीत नाही.

मार्गशीर्षात दिवाणजी गेले. एका गुरुवारी डायलिसिस अर्ध्यावर थांबवावं लागलं, दवाखान्यात ठेवलं, तिसऱ्या दिवशी छातीत पाणी भरून गेले. तेराव्याला मी दिवसभर तिथे होते. पाहुणे पांगल्यावर वहिनी माझ्या गळ्यात पडून रडल्या. म्हणाल्या, ती उडाली तेव्हाच लक्ष्मी घरातून उठली होती, मला येडीला कळलं न्हाई. उलट मी हसले हो त्या दिवशी, असं म्हणत राहिल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझं खोटं त्यांना दिलासा म्हणून दिलं होतं, आणि त्याचा त्यांनी हा अर्थ लावला होता. तरी मी स्वतःला समजावलं की आता खरं सांगून कुणाचं भलं होणार आहे. भेकडपणाला माणूस काय काय नावं देतो.

महाशिवरात्रीच्या आसपास जोडी परत आली. त्याच पट्टीवर. मी बादली खाली आणली, पाच अंडी मोजली. दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः माझ्या दारात आल्या. किती महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. म्हणाल्या, परत आली हो ताई. मागच्या बारीला माझंच कमी पडलं, म्हणून गेली. आता पिल्लं निघाल्या दिवसापासून दूध सुरू करीन, साखर नको, मध घालीन. दुधाचं जादा पाकीटसुद्धा सांगून ठेवलंय.

नुसतं दूध देऊ नका, एवढं सांगून भागलं असतं. तसं मी सांगायला गेलेही. धूप विझवला तसं त्यांनी ऐकलं असतं. पण त्यांनी विचारलं, का? मागच्या बारीला तर पिऊन उडाली की. आणि मला आणखी एक खोटं जुळवता येईना.

मी त्यांना आत बसवलं आणि सांगितलं. "उडाली नव्हती, वहिनी. मेली होती. मीच उचलली."

त्यांनी कशानं ते विचारलं. मी दुधानं म्हटलं. कसं ते विचारलं, तर तेही सांगितलं, नळीत जातं, श्वास कोंडतो, त्यांना कळणं शक्य नव्हतं. लक्ष्मीचं मी रचून सांगितलं होतं, तेही सांगितलं. दोष माझा आहे म्हटलं, तीन-तीनदा म्हटलं. त्या मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. शिव्या द्याव्यात, उठून जावं, असं मला वाटत होतं. ते बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी हे पाणी मागत होते. डॉक्टर नको म्हनले, म्हणून मी दिलं न्हाई. हात जोडत होते, तरी दिलं न्हाई. नंतर रात्री झोप लागत नव्हती ना, तेव्हा मी ती पिल्लं आठवायची. म्हनायची, कुणाला तरी आपण पोटभर पाजलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तेवढं तरी राहू द्यायचं होतं, ताई."

त्या गेल्या. संध्याकाळी त्यांच्या खिडकीच्या पट्ट्या आतून बंद झाल्या आणि काचेवर वर्तमानपत्र चिकटवलेलं दिसलं. सेक्रेटरींकडे त्या गेल्या नाहीत, जाळीचं नाव काढलं नाही. जिन्यात भेटल्या की बाजूला होऊन मला वाट देतात.

वैशाखात चार पिल्लं उडाली. या वेळी खरंच. शेवटचं गेलं ते मी बघितलं, वेळ लिहिली, तक्ता पाठवला. गटातल्या मुलीनं अभिनंदन कळवलं. खाली जाऊन वहिनींना सांगावं म्हणून दोनदा दारापर्यंत गेले आणि चपला काढून परत आत आले.